पुठ्ठ्यावरचे आकडे

रात्री दोन वाजता, मी झोपेत असताना,
संगणकानं स्वतःला नवं करून घेतलं.
मला विचारलं होतं म्हणे, परवा.
मी हो म्हटलं असणार, हातात कॉफी होती.

आता चार वाजलेत. वार्डोच्या धक्क्यावर
जानेवारीत पहाट हा घड्याळापुरता शब्द.
पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकते, थांबते, लुकलुकते,
तोंड उघडून नाव विसरलेल्या माणसासारखी.

बाहेर तीन होड्या, कॉडनं भरलेल्या.
ओड्वार आत येतो, बुटांचं पाणी फरशीवर सोडतो
आणि काहीच विचारत नाही.
ते जास्त जड.

धक्क्यावरचा मोठा काटा एकाच प्रोग्रॅमशी बोलतो,
तो प्रोग्रॅम चालतो एकाच जुन्या विंडोजवर,
आणि त्या विंडोजचं तेरावं कंपनीनं कधीच उरकलंय.
आस्लाकनं त्याला नव्या यंत्राच्या पोटात
एक खोटं यंत्र मांडून नांदायला ठेवलं.
त्याला वाटतं, आपली डिस्क खरी, आपला पंखा खरा.
कुणी सांगितलेलं नाही.

आस्लाक ट्रॉम्सोत बस चालवतो. पहिली फेरी पावणेसहाची.
फोनवर, तोंडात ब्रेड:
"मावशी, चालू होताना शिफ्ट दाबून धर."
धरलं. काही नाही.
"मग एस्केप. भराभर, दार वाजवतात तसं."
पाचव्या खेपेला यादी उघडली:
वर नवा गाभा, ऐटीत.
खाली जुना, गेल्या महिन्यातला.
"जुना घे. नव्याचं घोडं कुठं पेंड खातंय, ते रात्री बघू."

घर उघडलं. पण घरातलं घर?
तिथं लाल अक्षरं: प्रोसेसरची ती सोय बंद आहे.
काल तर चालू होती!
"अपडेटनं बायोसही बदललं असणार,
सगळ्या खिट्ट्या कारखान्यातल्यासारख्या."
पाहुण्यानं न सांगता भांडी घासावीत
आणि मीठ कुठं ठेवलं ते न सांगता जावं.

तोवर ओड्वारनं भिंतीवरचा स्प्रिंगचा काटा उतरवला,
त्याच्या बापानं जन्मभर शिव्या घातलेला.
पेटीमागून पेटी. मी आकडे पुठ्ठ्यावर लिहिते,
हातात पेन्सिल, खांदा नि कानाच्या मधे आस्लाक.
एफ टू. ॲडव्हान्स्ड. खाली. अजून खाली.
व्हर्च्युअलायझेशन, डिसेबल्ड.
"एनेबल्ड कर."
जतन करू का? कर बाई, कर.
फोनमध्ये त्याच्या बसचं इंजिन
एका किल्लीत सुरू होतं. मग फोन बंद.

आतलं यंत्र उठलं, डोळेही न चोळता,
काल थांबवलं होतं तिथूनच:
घड्याळात चार वाजून दहा,
हॅडकच्या रकान्यात अर्धंच टाइप केलेलं ओड्वारचं नाव.
त्याच्या लेखी रात्र झालीच नाही.
मी तारीख बदलली, बाकी बोलले नाही.

सगळं पुन्हा तोललं. पावती निघाली.
होडीच्या नावातलं ते एक अक्षर
नेहमीसारखंच रिकामा चौकोन होऊन आलं.
आधीपासून जे बिघडलेलं होतं, ते शाबूत होतं.

ओड्वारनं पुठ्ठा आणि पावती शेजारी धरली.
सहा किलोंचा फरक.
पावतीवर सही केली,
पुठ्ठा घडी घालून खिशात टाकला
आणि दुसऱ्या होडीचा दोर धरायला गेला.