धुण्याची वही

हॉटेलचा इतिहास लिहायचाच असेल
तर तळघरातून लिहावा, असं सिदोनी म्हणायची.
वर नुसती झुंबरं.

तिची आई ओक्ताव्ही इथे पहिल्या दिवसापासून.
वाळूच्या टेकाडावर भिंतींचा चुना ओला होता
तेव्हाच ब्रसेल्सहून रेल्वेने आल्या
नऊशे साठ चादरी,
प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचं एक अक्षर.
समुद्राकडे तोंड केलेल्या दोनशे खिडक्या,
तळघराला एकही नाही.
ओक्ताव्हीला समुद्र ठाऊक होता तो
झग्यांच्या काठांतून झडणाऱ्या रेतीपुरता.

वहीत एवढंच:
खोली चाळीस, वाइनचा डाग. मीठ लावलं, गेला.
खोली एकशे बारा, रक्त. थंड पाणी.
खोली नऊ, राजदूत. रोज नवी चादर मागतो,
झोपतो मात्र एकाच कुशीवर.

मग चौदा साल.
खोल्यांचे आकडे बंद, खाटांचे सुरू.
आधी आमची पोरं, मग त्यांची.
पाणी तेच, थंड.
तीनशे चादरी दारातून बाहेर गेल्या
त्या परतल्याच नाहीत, प्रत्येकीत एकेक जण,
कोपऱ्यात हॉटेलचं अक्षर.
ओक्ताव्हीने त्या आकड्यासमोर लिहिलं,
येणे बाकी.

दुसऱ्या लढाईचं पान जवळजवळ कोरं आहे.
मे महिन्यात एक चादर
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लोंबत ठेवली,
शरण आलो म्हणून.
ती कुणी धुवायला टाकली नाही.

पुढे पगारी सुट्ट्या आल्या,
कोळशाच्या खाणींतली माणसं आली मुलाबाळांसकट,
उशांवर काळसर छाप उमटू लागले.
सिदोनी खूश. म्हणायची,
आत्ता कुठे धुण्यासारखं काहीतरी मळतंय!
मी तेव्हा लिफ्टवर होतो.
पितळी कड्या रोज घासायचो, कुणी बघत नसे.

शेवटी खोल्यांचे फ्लॅट झाले.
झुंबरं लिलावात गेली,
तळघरात आता सायकली ठेवतात.
त्याच हिवाळ्यात पोस्टाने एक पाकीट आलं.
आतल्या गावात शेताकडेला नाला खणताना
एका म्हाताऱ्याला सापडलेला
तळहाताएवढा चिंधुक, मातीच्या रंगाचा,
लाल अक्षर अर्धं.

सिदोनीने चष्मा पुसला. आईची वही काढली.
जमेत लिहिलं, एक.
बाकी दोनशे नव्व्याण्णव.

मी विचारलं, धुवायचा का?
नको, म्हणाली,
आत्ताच आलाय. निजू दे.