पोचा

आमच्या किनाऱ्यावर सुकी ओमेना डब्यानं मापतात.
वनस्पती तुपाचा दोन किलोचा रिकामा डबा,
आम्ही त्याला गोरोगोरो म्हणतो.
प्रत्येक डब्याच्या बुडाला दगडानं ठोकलेला एक पोचा:
बाहेरून खळगा, आतून टेंगूळ.
डब्यामागे मूठभर मासळी खातं ते टेंगूळ.
दिवसाला वीस डबे, वीस मुठी.
माझ्या लेकीची शाळेची फी त्यातूनच गेली.
मापात पाप कसलं, आम्ही म्हणायचो, ही तर रीत.
गिऱ्हाईक डब्यात डोकावत नाही,
आम्ही डबा पालथा करत नाही.

रिस्पा आपोंडी सोळा वर्षं माझ्या शेजारी बसायची.
एका सोमवारी,
रात्रीच्या होड्यांचे दिवे अजून सरोवरावर होते तेव्हा,
तिनं डबा वाळूवर ठेवला
आणि आतून मुसळानं ठोकायला लागली.
ठण्. ठण्.
उकिरड्यावरचे टकले करकोचे उडाले.
मी म्हटलं, बाई, झालंय काय तुला?
म्हणाली, "रात्री नीट झोप लागली नाही."
एवढंच.
देवाचं नावसुद्धा घेतलं नाही.

आदल्या दिवशी उपासनेला मी तिच्याच बाकावर होते.
पाळकबुवा पाय धुण्याविषयी बोलले,
डब्याविषयी अक्षर नाही.
खरं सांगायचं तर अर्ध्या उपदेशात मला डुलकी लागली होती.
तिनं नेमकं काय ऐकलं, मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली.
दुसऱ्या आठवड्यात बायकांची बैठक बसली.
भाव बिघडवतेस, म्हणाल्या.
आम्हाला चोर ठरवतेस, म्हणाल्या.
ती काहीच बोलली नव्हती,
म्हणून जास्त झोंबलं.
तिला पार टोकाला हलवलं,
मासे धुतलेलं पाणी साचतं तिथं.
हात वर करणाऱ्यांत मीही होते.

संत वगैरे नाही हं ती.
करकोच्यानं मासळी उचलली तर
त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.
कुणाची उधारी विसरत नाही.
लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याच्या ताटातले मटणाचे तुकडे मोजते.
पण त्या घाणीत बसूनही
डबा भरताना हलवते, दाबते, पुन्हा घालते,
शीग चढवते,
आणि शिगेवरून घरंगळलेली चार
गिऱ्हाइकाच्याच पिशवीत पडतील असा हात धरते.
हे वाक्य मी लहानपणापासून पाठ म्हणत आलेय.
मला वाटायचं, ते स्वर्गातलं माप असणार.

गेल्या महिन्यात डोक्यावर अख्खं पोतं घेऊन
ती डोंगराकडच्या डॉर्का म्हातारीकडे गेली.
किती वर्षं, किती मुठी, हिशोब लागेना, म्हणून पोतं.
म्हातारी दारातच बसली होती, शेंगा सोलत.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"मला ठाऊक होतं गं.
म्हणून तर फाटक्या नोटा तुझ्यासाठी बाजूला ठेवायचे."
दोघी हसल्या म्हणे, खोकला येईपर्यंत.
मग म्हातारीनं उगाली रांधली,
त्याच पोत्यातली मासळी तळली,
आणि रिस्पा अंधार पडल्यावर घरी आली.
हे तिनं नाही सांगितलं. म्हातारीच्या नातवानं सांगितलं.

माझा डबा तसाच आहे.
रात्री माल झाकताना हात आत जातो,
अंगठा बरोब्बर टेंगळावर टेकतो,
इतक्या वर्षांत पत्रा तिथं गुळगुळीत झालाय.
लेकीचं शेवटचं वर्ष आहे. फी बाकी आहे.
मी हे रोज स्वतःला सांगते, आणि ते खोटं नाही.

मुसळ रिस्पाकडे आहे.
मागायचं तर टोकापर्यंत चालत जावं लागेल,
त्या सगळ्या पाण्यातून.
पाय भरतील.
तिच्याजवळ एक बादली असते, स्वच्छ पाण्याची,
झाकून ठेवलेली.