तिच्या जिभेचा रंग

मे महिना. सेमिनरी हिल्सच्या वळणावर
डांबर चपलेला धरून ठेवतं.
सुगरताबाई मडावी ओल्या फडक्याखाली
चारं घेऊन बसलेली, काळी, बारकी,
बाजूला चार-दोन फुटकी टेंभरं,
त्यांच्या गोडाला मुंग्या लागलेल्या.

फोनवर संघमित्रा. फिनलंडच्या पार वरच्या टोकाला
आता कुठे बर्फ सुटतोय म्हणाली,
आणि दलदलीच्या शेवाळात गेल्या सालची लाल फळं,
हिवाळाभर बर्फाखाली निजून उठलेली,
तशीच्या तशी.
"खाऊ का, बाबा?"

मी जन्मभर विजेचे मीटर वाचलेला माणूस.
फोन सुगरताबाईसमोर धरला.
तिनं पदरानं काच पुसली,
डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.
मला वाटलं, आता नाव सांगेल.

"हे आमच्या जंगलाचं नाही," म्हणाली.
"माय खाये तेच आमी खातो.
पोरीले सांग, तिथं बी कोनी बुढी असन,
तिले इचार म्हना. आन् तिची जीभ पाह्य म्हना,
कोन्या रंगाची हाय."

मग माप भरताना दोन चारं जास्त टाकली.
वीस रुपये.
बिया थुंकत फुटाळ्यापर्यंत चालत गेलो,
तलाव खाली गेलेला, काठाला भेगा.

रात्री फोटो आला.
कुणाच्या तरी थंडीनं उललेल्या तळहातावर
सात लाल फळं. चेहरा नाही.
खाली लेकीनं लिहिलेलं: लय आंबट.

बेसिनच्या आरशापुढे मी जीभ काढली.
अजून जांभळी होती.