एक मत, सालतोहून

मोंतेविदेओहून फॉर्म आलाय.
वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक. एकच नाव लिहायचं,
खाली कारण, वीस शब्दांत.
सहाच्या आत पोचायला हवं.
सालतोच्या रेडिओवर एकतीस वर्षं सामने सांगतोय,
पगार वाढला नाही, हे मत तेवढं मिळालं.

चार वाजलेत. डिसेंबरचं ऊन पत्र्यावर तडतडतंय.
येर्बाचा कडू काढा तिसऱ्यांदा भरला.

विजेता आहेच. बारुफाल्दी. पांढरा शर्ट, कडक कॉलर,
त्याचे बाकावर बसलेले राखीव गडी
आमच्या अख्ख्या संघापेक्षा महाग.
जिंकला. जिंकायलाच हवा होता.
कोठारभर पीठ असलेल्यानं पाव भाजला,
टाळ्या किती वेळ वाजवायच्या?

मग सिल्बेरा. एकोणीस सामने बरोबरीत.
त्याचा संघ इथं आला तेव्हा माझा तंत्रज्ञ झोपला
आणि त्याचं घोरणं थेट प्रक्षेपित झालं.
पण सिल्बेरा खालच्या विभागात घसरला नाही.
तीही कला आहे, मी नाही म्हणत नाही.

लिबेर एचेगाराय छापील यादीत नाही.
असेल कसा? त्याचा संघ, म्हणजे आमचा,
शेवटून पहिला.

तो शेवटचा रविवार.
टिकायला एक गोल हवा होता. एक.
शहात्तराव्या मिनिटाला नाउएल टेचेरा,
वय एकोणीस, मोसमातल्या आमच्या अकरा गोलांतले आठ त्याचे,
कॉर्नरवर उडाला आणि कपाळावर कपाळ.
आवाज माझ्या माइकनं पकडला,
गाडीवरून संत्र्यांची पेटी आपटावी तसा.
पोरगा उठला. हसला. अंगठा दाखवला.
मैदान पेटलं.

एचेगाराय रेषेपर्यंत चालत आला,
पोराची हनुवटी धरली, काहीतरी विचारलं.
पोरानं हात केला लांब, गोलखांबांच्या मागे,
बागांकडे.
एचेगारायनं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

बदली कोण, तर राखीव डावा बचावपटू.
दुसरं कुणी उरलंच नव्हतं.
आधी शिट्या, मग संत्री पडली मैदानात,
एक त्याच्या पाठीत बसलं, वळलासुद्धा नाही.
आणि मी?
मी माइकवर म्हणालो, "भित्रा. हा माणूस भित्रा आहे."
गावानं ऐकलं. बेकरीत अजून लोक
ते वाक्य मला परत देतात, सुट्ट्या पैशांसारखं.

आम्ही घसरलो. मंगळवारी त्याला काढलं.

काय विचारलं होतं, ते मला परवा कळलं,
मोजे धुणाऱ्या नेल्सनकडून. तो रेषेलगतच उभा होता,
बादली घेऊन.
"नाउएल, नदी कुठल्या बाजूला?"
नदीकाठचं पोर. बाप मासे धरायचा.
आणि त्यानं दाखवली होती पूर्व.

काल बाजारात दिसला, काकाच्या गाड्यावर.
दीड किलो टोमॅटो घेतले,
मुद्दाम एक नाणं जास्त दिलं.
त्यानं परत केलं, जरा रागानंच,
मला मोजता येत नाही असं वाटून.
घरी येईपर्यंत ते मुठीतच होतं.

साडेपाच.
म्हणतील, पोटात खुपलं म्हणून दिलेलं मत.
खुपलंच आहे. त्यात लपवायचं काय?
बारुफाल्दीला चाळीस पडतील, पडोत,
चषक त्याच्याच दिवाणखान्यात जाणार.
मी छापील नावांच्या खाली, समासात,
पेन दाबून लिहिलं: एचेगाराय.

कारणाला जागा वीस शब्दांची.
तीन पुरले. नदी पश्चिमेला आहे.

उरलेल्या सतरांत माफी बसवून पाहिली.
बसत होती, पण खोडली.
जिथं बोललो तिथंच मागायला हवी,
रविवारी, चार वाजता,
सामना नसला तरी.