पोचपावती

थॉर्नबेकच्या शेडमध्ये पत्रं लिहायचं काम माझ्याकडे.
लीड्सच्या इस्पितळात सव्वीस वर्षं
औषधांच्या कोठीच्या किल्ल्या सांभाळल्या,
तेव्हा मागणं कसं लिहावं, मला येतं:
थोडं लाजून, पण मापासकट.
‘आपल्याकडे पडून असल्यास’ आधी,
‘गरज आहे’ अगदी शेवटी.

अकराशे अडतीस नंबरचं इंजिन
तीन हिवाळे ताडपत्रीखाली.
बॉयलर चोख, चाकं चोख,
पण बॉयलरला पाणी पाजणारे इंजेक्टर हवेत दोन
आणि आहे एक.
इन्स्पेक्टर म्हणाला,
एका नाकपुडीवर मी सही करत नाही.
नवा ओतून घ्यायचा तर आकडा असा
की नॉर्मन थॅकरेने चष्मा काढून पुसला
आणि बराच वेळ परत घातलाच नाही.

पत्रं गेली. वस्तू आल्या.
न वाजणारी एक शिट्टी.
काटा ऐंशीवर अडकलेलं प्रेशर गेज.
एका पाद्र्याने खोकं भरून नट पाठवले,
आटे आमच्या कशालाच लागेनात.
धर्माची गाय; दात मोजले नाहीत,
फळीवर ठेवून दिले.

मग मार्चमध्ये ऑड्री बूथरॉइड यांची चिठ्ठी:
‘आमच्या मागच्या दाराला एक धूड लावलेलं असतं.
बघून जाल का? मला आता उचलत नाही.’

पायपुसण्याशेजारी
म्हाताऱ्या कुत्र्यासारखं बसलं होतं,
कळकून हिरवं झालेलं.
दार वाऱ्याने आपटू नये म्हणून
सत्तावन्न वर्षं.

चहा ओतता ओतता त्या सांगत होत्या:
‘सासष्ट साली हॅरल्डच्या हातात गॅस कटर दिला.
ज्यांना तेल घातलं तीच इंजिनं कापायची,
आठवड्याला चार. पगार तोच.
एका रात्री हे लेकीच्या बाबागाडीतून आणलं,
वर दुपटं पांघरून.
फाटकावरचा पहारेकरी वाकून म्हणाला,
काय गाढ झोपलंय हो!’
कप बशीत ठेवला.
‘म्हणजे चोरीचं आहे. पावतीवर तसं लिहा.’

तीन संध्याकाळी मी चिंच लावून घासलं,
ब्रॅडफर्डच्या दुकानातली, बिनबियांची.
आईचा तांब्या इतका कधी घासला नव्हता.
अंगठ्याखाली आकडे वर आले:
अकराशे एक्केचाळीस.

आमचं नव्हेच. पाठच्या भावंडाचं.
ते कधीच वितळलं;
कुणाच्या मटारच्या डब्यात, कुठल्या पुलात,
कोण सांगणार.

टेगन एकोणीस वर्षांची, लेथवर तिचाच हात बसलेला.
म्हणाली, बैठक दीड मिलिमीटर मोठी आहे,
तासू का?
मी फोन लावला.
पलीकडे घड्याळाची टिकटिक, मग ऑड्रीबाई:
‘हवं तेवढं तासा. आकड्यांना हात लावू नका.
आणि दाराला लावायला काहीतरी पाठवा,
कालपासून आपटतंय.’

जुन्या ताडपत्रीची पिशवी शिवली मी,
पाद्र्याचे सगळे नट तिच्यात ओतले,
तोंड दुहेरी टाक्यांनी बंद.
दार आता बरं आहे म्हणतात.

पहिल्या दिवशी त्या इंजेक्टरने
सगळं पाणी रुळांवर सांडलं.
नॉर्मनने चाक पाव वेढा मागे घेतलं,
पुन्हा पुढे,
आणि एकदम आवाज बारीक झाला,
पाणी आत चाललं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
टेगनने मोजे बदलले.

पावतीवर मी लिहिलं होतं:
‘सांभाळून ठेवलेलं, साभार परत मिळालं.’
ती टपालाने उलट आली.
माझं वाक्य निळ्या शाईने खोडलेलं,
वर थरथरत्या अक्षरांत: ‘चोरलेलं’,
खाली सही, तारीख.

फाइलला तीच लावली आहे.