शिशाचा एप्रन

बिटको चौकातून जेलरोडला वळलं की
औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला आमचा दवाखाना.
सोळा वर्षं एकच वाक्य म्हणते आहे:
हलू नका, दोन सेकंद.
मग भिंतीआड जाते
आणि बटण दाबते.

कातकाडेकाका प्रेसमधून निवृत्त झालेले.
सगळी नोकरी नोटा उजेडात धरून गेली,
जलचिन्ह जागेवर आहे ना, एवढंच बघत.
दाढ सुजलेली, गालाला रुमाल,
तरी प्रश्न सरळ:
“ताई, काही होत नाही म्हणता,
मग तुम्ही का पळता बाहेर?”

विचारतात सगळेच.
एकदा सातव्या महिन्यातल्या बाईच्या नवऱ्याने
ओरडून विचारलं होतं.
त्याचा राग मला आला नाही.

मी सांगते: काका, हा तुमचा एक फोटो म्हणजे
जमिनीतून, विटांतून, आभाळातून
एका दिवसात आपसूक अंगावर येतं
त्याच्या आसपास.
तुम्ही दोन वर्षांनी एकदा येता.
मी दिवसाला पंधरा काढते.
गुणाकार तुम्हीच करा.

छातीवरचा बिल्ला दाखवते.
तीन महिन्यांनी तो तपासायला जातो,
उत्तर पाकिटातून येतं.
आजवर चांगलंच आलं.
तरी पाकीट फोडताना पोटात खड्डा पडतो
हे त्यांना सांगत नाही.

नवे डॉक्टर म्हणतात, कुंदाताई,
एप्रनची आता एवढी गरज उरली नाही,
झोत अरुंद झाला, नेमका दाताएवढा.
असेल. त्यांचं शिक्षण ताजं आहे.
पण मी तो खुंटीवरून काढते
(घडी घालायची नाही, आतलं शिसं तडकतं)
आणि काकांच्या छातीवर ठेवते.
वजन पडलं की खांदे खाली येतात.
प्रत्येकाचे.
सिव्हिलच्या बाकावर एकदा
थोरल्या नणंदेने माझ्या पाठीवर हात ठेवला होता,
साधारण तेवढं वजन.

बटण दाबलं
आणि देवळालीकडून सरावाची तोफ वाजली.
खिडकी थरारली, काका दचकले,
फोटो हलला.

एकाचे दोन.
मी माफी मागितली, तोफेच्या वतीने.
काका म्हणाले, “घ्या परत.
छपाई बिघडली की कागद वाया जायचाच.”

आमच्याकडे अजून फिल्म धुतात.
टपाल तिकिटाएवढी, ओली,
चिमट्यात धरून बाहेर आणली
तर काकांनी हात पुढे केला.
कडेलाच धरली, बोट मध्ये लागू न देता,
खिडकीशी गेले, एक डोळा मिटला.
मुळाशी, हाडात, एक काळसर ठिपका.

“इथं खोट आहे,” ते म्हणाले.

डॉक्टर अजून हात धूत होते.