विकतचे बुडबुडे

आठ दिवस तळघरात पिंप बोलत होतं.
झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत
आणि बादलीत बुडुक, बुडुक, बुडुक.
मी कपडे धुवायला खाली उतरले की वाटायचं
कुणी माणूस बसलाय अंधारात
स्वतःशीच हिशेब करत.

गव्हाचं सत्त्व आंबत होतं.
वास आधी पिकल्या केळ्याचा, मागून लवंगेचा.
त्यात केळं नाही, लवंग नाही, नुसतं यीस्ट,
हे हालवार्डने तीनदा सांगितलं
आणि तीनदा मी म्हटलं, बरं.

बत्तीस वर्षं तो बोटींवर होता,
डुलुथहून लोखंडाची माती नेणाऱ्या
लांबलचक बोटींच्या इंजिनघरात.
सरोवर गोठलं की घरी, बर्फ फुटला की चालता.
मी त्याला ओळखायचे
जसा आपण एखादा सण ओळखतो.
आता बारा महिने घरी असतो
आणि तळघरात दाब मोजतो.

नवव्या दिवशी बादली गप्प.
बिअर झाली, पण मलूल: सपाट, कोमट, गढूळ.
"दोन दिवस आधी झाकण घट्ट लावलं असतं
तर आपल्याच वायूने फेसाळली असती,"
तो म्हणाला, मान खाजवत.
म्हणजे आठ दिवस जे बादलीत सोडून दिलं
तेच आता सिलिंडर भरून विकत आणायचं.
मी हसले नाही.
घरातली आणखी दोन-चार उदाहरणं मला माहीत होती.

थंडीत ठेवलं, बारा पौंड दाबावर,
की दोन आठवड्यांत वायू मुरतो.
पण रविवारी तोइवो येणार होता,
बोटीवरचा जुना सोबती,
आणि आमच्या म्हाताऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधलेलं.

शनिवारी रात्री काटा तीसवर नेला,
सांध्यांना साबणाचं पाणी लावून
कुठे फुगा धरतोय ते पाहिलं,
पिंप आडवं केलं आणि मला म्हणाला, बस समोर.
दोन बुटकी स्टुलं, मध्ये थंडगार स्टील.
त्याने पायाने माझ्याकडे लोटलं, मी त्याच्याकडे.
आत बिअर आपटायची,
सिलिंडर सुस्कारायचं,
फरशीवर घरंगळण्याचा आवाज
बंदरात बर्फ सरकावा तसा.
वीस मिनिटं. माझे मोजे ओले झाले.
इतका वेळ, असे समोरासमोर,
मध्ये ताटं नसताना
आम्ही कधी बसलो होतो, आठवत नाही.

रविवारी पहिला ग्लास: फेस.
दुसरा: फेस.
तिसऱ्यात तळाशी दोन बोटं बिअर.
तोइवोने ग्लास नाकाशी नेला,
"केळं," म्हणाला, आणि खाली ठेवला.
उन्हाळ्यापासून सोडलीय. कॉफी असेल तर चालेल.
हालवार्ड उठला, कॉफी केली.
मग दोघं अंधार पडेपर्यंत
कधीच भंगारात गेलेल्या एका बॉयलरवरून भांडले.

पिंप राहिलं फ्रिजमध्ये.
रोज सकाळी तो वरची कडी ओढायचा, फुस्स,
दोन-तीन दिवस;
मग काटा बारावर ठेवून विसरला.

मार्च संपताना पहिल्या बोटीचा भोंगा
टेकडीवरच्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.
तो खिडकीकडे गेला नाही.
दोन उंच ग्लास काढले, तिरके धरून भरले, सावकाश.
चार बोटं फेस, खाली ढगाळलेलं ऊन,
आणि तळापासून एकेक करत वर येणारे
मोहरीएवढे बुडबुडे.

"विकतचेच ना हे?" मी विचारलं.
पुन्हा भोंगा वाजला.
त्याच्या मिशीला फेस लागला होता.
मी सांगितलं नाही.